खाऱ्या पाण्याची वही

१
अलीकडे गुलाबी पाणी, पलीकडे वाळूची टेकाडे. टेकाडांमागे हिंदी महासागर आहे. तो दिसत नाही, ऐकू येतो.

२
हट लगून, पश्चिम ऑस्ट्रेलिया. पर्थच्या उत्तरेला ५०० किलोमीटरांहून थोडे जास्त. जवळचे मोठे गाव जेराल्डटन, तिथून साधारण १०० किलोमीटर. तळ्याला खेटून पोर्ट ग्रेगरी: मासेमारांची वस्ती, धक्का, कॅरव्हान पार्क, थोडी घरे. तळे मात्र १४ किलोमीटर लांब आणि २ किलोमीटर रुंद. वस्तीपेक्षा तळ्याचाच पसारा मोठा.

३
सकाळी आठला पाणी राखाडी होते. ढग आला तेव्हा जांभळट झाले. अकराच्या सुमारास ऊन वर चढले आणि रंग असा उघडला की गाडीतले सगळे एकदम बोलायचे थांबले. दुपारी वाऱ्याने लाटा उठल्या, तेव्हा तोच रंग विटकरी. एकाच जागी उभे राहून एवढे बघायला मिळते, म्हणून इथे दिवसभर थांबावे. बहुतेक जण पंधरा-वीस मिनिटांत निघतात.

४
भाचीच्या सासूबाई सोबत होत्या. सासर मालवण, माहेर शिरोडा. गाडीतून उतरल्या, पदर खोचला, पाण्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगो, ही तर सोलकढी!"
याहून नेमके काही मला सुचलेले नाही.

५
ओंजळीत घेतले तर पाणी जवळजवळ रंगहीन. काचेच्या बाटलीत भरून उन्हासमोर धरले तर फिकट झाक. गुडघाभर खोली असली की मात्र रंग स्पष्ट दिसतो.

६
रंग पाण्यात राहणाऱ्यांचा आहे. त्यांतले मुख्य नाव ड्युनालिएला सलायना. हे एकपेशीय शैवाल. आकार मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, पोहण्यासाठी दोन बारीक शेपट्या. जातीने हिरवे. इतर शैवालांना असते तशी टणक पेशीभित्ती याला नाही, पातळ आवरणावर भागवते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असते. इथले पाणी आटत जाते तसतसे मीठ त्याच्या कितीतरी पट होते. एवढ्या मिठात पेशीतले पाणी बाहेर ओढले जाऊन ती आक्रसून मरायला हवी. हे शैवाल आपल्या आत ग्लिसरॉल तयार करते. बाहेर मीठ वाढले की ग्लिसरॉलही वाढवते, म्हणजे आतले पाणी आतच राहते. त्यात ऊन कडक पडले आणि अन्नद्रव्ये कमी झाली की ते बीटा-कॅरोटीन साठवू लागते. ते कॅरोटीन आतल्या हरितद्रव्याला उन्हाच्या माऱ्यापासून सांभाळते. परिस्थिती फारच कठीण झाली तर वाळलेल्या पेशीच्या वजनात १० टक्क्यांपर्यंत बीटा-कॅरोटीन भरू शकते. तोवर हिरवे शैवाल नारिंगी-लाल झालेले असते.

७
पाणी मुबलक, मीठ कमी: हिरवे. पाणी आटलेले, ऊन रणरणते: लाल.

८
रंगातले दुसरे भागीदार मिठात राहणारे आर्किया. दिसायला जिवाणूंसारखे, पण त्यांचे कूळ वेगळे. त्यांच्याकडे बॅक्टेरिओरुबेरिन नावाचे लाल रंगद्रव्य असते. यांना मीठ सोसते एवढेच नव्हे, मिठाशिवाय ते जगतच नाहीत. त्यांतल्या बहुतेकांना गोड्या पाण्यात टाकले तर ते फुटून जातात.
तहानलेल्या माणसाला ज्या पाण्याने जीव येतो, त्याने यांचा जातो. मी ही ओळ लिहून थोडा वेळ वही मिटून बसले.

९
खारवलेली मासळी दमट हवेत पडून राहिली तर कधी कधी तिच्यावर लालसर, चिकट थर धरतो. तोही याच आर्कियांचा. ते मिठातूनच येतात. सासूबाईंना हा थर चांगला माहीत. "तशी मासळी आम्ही घेत नाही," म्हणाल्या.

१०
१८३८ साली फ्रान्समध्ये माँपेलिए इथल्या मिठागरांचे पाणी लाल का होते, हे मिशेल फेलिक्स द्युनाल या वनस्पतिशास्त्रज्ञाने तपासले. त्याला पाण्यात सूक्ष्म जीव दिसले. १९०५ साली रुमानियातल्या तेओदोरेस्कू या शास्त्रज्ञाने त्या जिवाला द्युनालचे नाव दिले.
मिठागरात राबणाऱ्यांनी ते लाल पाणी त्याच्या कितीतरी आधीपासून पाहिले असणार. त्यांच्यापैकी कुणाचे नाव कशाला दिले गेल्याचे मला वाचायला मिळाले नाही.

११
काठावरचा मिठाचा थर जवळून. वरून पांढरा, पण उकिडवे बसून पाहिले की प्रत्येक खडा वेगळा. काही चौकोनी, धारदार कडांचे. काहींचा मधला भाग खोल गेलेला, पायरीपायरीने उतरणारा, जणू कडा आधी वाढल्या आणि मधले भरायचे राहून गेले. प्रत्यक्षात घडतेही तसेच: पाणी झपाट्याने आटते तेव्हा कडांना मीठ लवकर चिकटते. एका खड्यात गुलाबी रेघ होती. स्फटिक बनताना पाण्याचा बारीक थेंब आत अडकतो, आणि त्या थेंबात आर्किया दीर्घकाळ जिवंत राहू शकतात. नखाएवढ्या खड्यात एक बंद तळे.
खडा होता तिथेच ठेवला.

१२
मिठाच्या थरावर पाऊल टाकले. एक, दोन, तीन पावलांपर्यंत करकर वाजले. चौथ्याला थर फुटला आणि खालून काळा चिखल वर आला. वास गंधकाचा. पांढऱ्याखाली काळे, आणि दोन हातांवर गुलाबी.

१३
तळ्याचा बराचसा भाग समुद्रसपाटीपेक्षा खाली आहे. नदी येऊन तळे भरत नाही. समुद्राचे पाणी वाळूच्या टेकाडांखालून झिरपत आत येते, हिवाळ्यात पावसाचे पडते, आणि जायला वाट नसते. जाते ते फक्त वर, वाफ होऊन. मीठ मागे राहते. हे हजारो वर्षे चालू आहे. उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत, तळ्याचा बहुतेक भाग सुकून नुसता मिठाचा पत्रा उरतो. आम्ही ऑक्टोबरात गेलो, तेव्हा पाणी होते.

१४
रस्त्यालगतच्या मिठावर चाकांच्या खोल चाऱ्या. कुणीतरी गाडी थेट पाण्यापर्यंत नेली असावी. चाऱ्या संपतात तिथे चिखलाचा मोठा राडा आहे; बाहेर निघायला बराच वेळ लागला असणार. मिठाचा हा थर बनायला एक उन्हाळा लागतो.

१५
माश्या. डोळ्यांच्या कोपऱ्यात, ओठांवर, चष्म्याच्या आत. तोंडावरून ओढून घ्यायच्या जाळ्या दुकानात टोपीसकट मिळतात. सासूबाईंनी पदर डोक्यावरून घेतला आणि टोक दातांत धरले. जाळीचे काम झाले.

१६
एप्रिल १८३९. जॉर्ज ग्रे नावाचा इंग्रज अधिकारी आपल्या माणसांसह या भागातून पायी चालला होता. आजच्या कॅलबरी गावाजवळ त्यांच्या होड्या फुटल्या होत्या आणि पर्थपर्यंत चालत जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. अन्न संपत आलेले. वाटेत लागलेल्या नदीला त्याने विल्यम हट या ब्रिटिश खासदाराचे नाव दिले. विल्यमचा भाऊ जॉन हट त्या वेळी पश्चिम ऑस्ट्रेलियाचा गव्हर्नर होता. नदीचे नाव पुढे तळ्यालाही लागले.
याच प्रवासात, याच नदीच्या परिसरात, ग्रेने आणखी एक गोष्ट लिहून ठेवली. मैलोगणती जमीन कंद काढण्यासाठी खणलेल्या खड्ड्यांनी भरलेली होती. रुळलेल्या रुंद वाटा होत्या, विहिरी होत्या, मातीने लिंपलेल्या झोपड्यांची गावे होती. हा नांदा लोकांचा मुलूख. त्यांचा कंद डायोस्कोरिया कुळातला. आपले करांदे आणि कोनफळ त्याच कुळातले.
नाव मात्र लंडनमधल्या खासदाराचे.

१७
पोर्ट ग्रेगरीच्या रस्त्याला लिंटनचे अवशेष आहेत. दगडी भिंती, छपरे नाहीत. १८५३ साली इथे कैद्यांची वसाहत उघडली. इंग्लंडहून शिक्षा होऊन आलेले कैदी इथून मेंढपाळांना आणि जेराल्डाइनच्या शिशाच्या खाणीला मजूर म्हणून दिले जात. ताज्या अन्नाअभावी त्यांच्यात स्कर्व्ही पसरला. १८५७ मध्ये वसाहत बंद झाली.
कंदांच्या जमिनीवर तोवर मेंढ्या चरत होत्या.

१८
तुरुंगाच्या खोलीच्या दारात उभी राहिले. मी आत गेले नाही. भाची आत जाऊन आली आणि म्हणाली, "मावशी, आत हात पसरले की दोन्ही भिंती लागतात."

१९
धक्क्यावर शेवंडीचे सापळे रचून ठेवलेले. किनाऱ्याला समांतर खडकांची लांब रांग आहे, तिच्यामुळे आतले पाणी शांत असते. होड्या तिथे नांगरतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातली शेवंडीची मासेमारी ही जगात पहिली, जिला २००० साली टिकाऊ मासेमारीचे एमएससी प्रमाणपत्र मिळाले. किती पकडायची, केवढी लहान सोडून द्यायची, अंडी असलेली मादी परत पाण्यात टाकायची, याचे नियम कडक आहेत.
सासूबाईंनी सापळा हातात घेऊन त्याचे तोंड, त्याची उतरण, त्याचा तळ पाहिला. "आत जाता येतं, बाहेर येता येत नाही. आमच्याकडेपण असंच," म्हणाल्या. मग विचारले, "अंड्याची मादी खरंच सोडतात?" धक्क्यावरच्या माणसाने हो म्हटले. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मालवणला आता शेवंड पूर्वीइतकी मिळत नाही, असे नंतर गाडीत म्हणाल्या.

२०
तळ्याच्या एका भागात आखीव चौकोन. बीएएसएफ कंपनीची तळी, सुमारे २५० हेक्टर. ड्युनालिएलाची ही शेती. सूक्ष्म शैवाल पिकवणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या प्रकल्पांपैकी एक. वरून काढलेल्या छायाचित्रात प्रत्येक चौकोनाचा रंग वेगळा दिसतो: फिका गुलाबी, गाजरी, विटकरी, गडद लाल. प्रत्येकातले मीठ वेगळे, म्हणून रंग वेगळा. इथले बीटा-कॅरोटीन मार्जरीन, सरबते, व्हिटॅमिनच्या गोळ्या यांत जाते.
प्रवाशांच्या फोटोंतले बरेचसे गडद रंग याच चौकोनांचे आहेत. नैसर्गिक तळे त्यामानाने सौम्य आहे, आणि मला तेच जास्त आवडले.

२१
खाद्यरंगांच्या यादीत कॅरोटीनचा क्रमांक १६०ए. घरातली बिस्किटे, चीज, सरबताची बाटली उलटून बघावी.

२२
बीटा-कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते. गाजर, आंबा, पपई, लाल भोपळा, शेवग्याचा पाला यांतही ते असतेच. भारतात १९७० पासून लहान मुलांना अंधत्वापासून वाचवण्यासाठी अ जीवनसत्त्वाचा डोस देतात. नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत नऊ डोस. अंगणवाडीत रांगेत उभी असलेली मुले, तोंडात चमचा, तोंड वाकडे.
शैवाल बीटा-कॅरोटीन उन्हापासून वाचण्यासाठी बनवते. मुलाला ते अंधारात दिसावे म्हणून लागते.

२३
इथे फ्लेमिंगो नाहीत. सबंध ऑस्ट्रेलियात एकही रानटी फ्लेमिंगो नाही. एकेकाळी होते; मध्य ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या पडलेल्या तळ्यांत त्यांचे जीवाश्म मिळाले आहेत. तळी सुकली, पक्षी गेले.

२४
ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो येतात. पाणी चिखलाच्या रंगाचे, पक्षी गुलाबी. पिसांना रंग येतो तो शैवालातून आणि बारीक कोळंबीसारख्या जिवांतून, म्हणजे याच कॅरोटीनच्या कुळातल्या द्रव्यांतून. खाडीचा भाग २०१५ साली अभयारण्य झाला, २०२२ साली पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला. मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाची धडक बसून तीसहून जास्त फ्लेमिंगो मेले.

२५
तळ्यापासून आतल्या बाजूला एक शेत होते, साधारण ७५ चौरस किलोमीटरांचे. गव्हाचा कोटा मान्य नाही म्हणून लिओनार्ड कॅसली या शेतकऱ्याने १९७० साली ते ऑस्ट्रेलियापासून स्वतंत्र झाल्याचे जाहीर केले. हट रिव्हर हे त्याचे संस्थान. तिकिटे काढली, नाणी काढली, पासपोर्ट दिले. १९७७ साली ऑस्ट्रेलियाविरुद्ध काही दिवसांचे युद्धही पुकारले. कुणीही त्या संस्थानाला मान्यता दिली नाही. कॅसली २०१९ साली वारला. २०२० साली कराच्या थकबाकीपायी संस्थान बरखास्त झाले.
ज्या जमिनीवर हे सगळे चालले, तिच्यावर नांदा लोकांनी पासपोर्ट मागितला नव्हता.

२६
१६२९ साली बटाव्हिया हे डच जहाज इथल्या समुद्रात, अब्रोल्होस बेटांवर फुटले. वाचलेल्यांत बंड झाले, कत्तली झाल्या. बंडखोरांपैकी दोघांना फाशी न देता या किनाऱ्यावर सोडून दिले. कॅलबरीजवळ की हट नदीच्या मुखाशी, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. दोघांचे पुढे काय झाले कुणाला कळले नाही.
प्यायच्या पाण्याची जागा त्यांना कुणी दाखवली असेल तर ती नांदा लोकांनीच.

२७
एस्परन्स नावाचे एक गाव याच राज्यात दक्षिणेला आहे. तिथल्या तळ्याचे नावच पिंक लेक. आता ते गुलाबी नाही. रस्ता आणि रेल्वे यांनी पाण्याची ये-जा बदलली, शतकाहून जास्त काळ मीठ काढले गेले, तळ्यातले मीठ कमी झाले. रंग गेला. पाटी तशीच आहे.

२८
एस्परन्सच्या पूर्वेला, समुद्रातल्या मिडल आयलंडवर लेक हिलियर आहे. १८०२ साली मॅथ्यू फ्लिंडर्सने टेकडीवरून ते पाहून त्याच्या गुलाबी रंगाची नोंद केली होती. २०२२ च्या जोरदार पावसानंतर तेही फिके पडले.
पाऊस जास्त झाला तरी रंग जातो, मीठ उपसले तरी जातो, पाण्याची वाट अडवली तरी जातो.

२९
लोणार. जून २०२०. टाळेबंदीचे दिवस. बुलडाणा जिल्ह्यातल्या या विवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाल्याचे फोटो घरोघरी मोबाइलवर आले. विवराचा व्यास १.८ किलोमीटर, बेसॉल्टच्या थरात उल्का आदळून झालेले. पाणी खारे आणि आम्लाच्या अगदी उलट, क्षारीय. कुणी म्हणाले चमत्कार, कुणी म्हणाले प्रदूषण. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दखल घेतली. वनखात्याने पाण्याचे नमुने नागपूरला नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेकडे आणि पुण्याला आघारकर संशोधन संस्थेकडे पाठवले. आघारकरच्या शास्त्रज्ञांना पाण्यात मिठात राहणारे आर्किया सापडले. त्या उन्हाळ्यात पाणी कमी झाले होते, मीठ वाढले होते, आणि आर्किया वाढले. प्रयोगशाळेत नमुना काही काळ ठेवला तेव्हा रंगीत भाग तळाला बसला आणि वरचे पाणी नितळ झाले. पुढे पाऊस आला, तळ्याचाही रंग गेला.
त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणार रामसर यादीत गेले.
हट लगूनच्या काठावर उभी असताना मला सर्वांत जास्त लोणार आठवत राहिले. इथे रंग हीच रोजची स्थिती आहे, तिथे तो एका उन्हाळ्याचा पाहुणा होता. दोन्हीकडे त्याच्या मुळाशी वाढलेले मीठच. त्या जूनमध्ये आपण सगळ्यांनी फोटो पुढे पाठवले. तळ्याची पातळी दरवर्षी किती असते, झरे किती वाहतात, विवराच्या उतारावर काय सोडले जाते, हे प्रश्न थोड्याच लोकांनी लावून धरले. ते लोक आजही लावून धरतात, आणि त्यांचे म्हणणे ऐकले जावे असे मला मनापासून वाटते.

३०
सासूबाई माहेरच्या मिठागराबद्दल बोलल्या. शिरोड्याचे हे तेच मिठागर, जिथे १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. घरातून चालत जाण्याइतके जवळ. "उन्हाळा संपत आला की वाफ्यातलं पाणी तांबूस होई. मग समजायचं, मीठ धरायला आलं."
याचे कारण पाठ्यपुस्तकात सापडते: तांबूस पाणी उन्हाची ऊब जास्त शोषते, लवकर तापते, लवकर आटते. मीठ लवकर बसते.

३१
त्यांनी काठावरचे मीठ चिमटीत घेऊन चोळले, वास घेतला, जिभेला लावले. "कडसर आहे. थोडं वारा-ऊन खाऊ दिलं असतं तर चांगलं झालं असतं." मिठाचे पाणी पूर्ण आटेपर्यंत ठेवले तर मॅग्नेशियमचे कडू क्षारही त्यात उतरतात, म्हणून मिठागरवाले शेवटचे कडू पाणी आधीच काढून टाकतात आणि मिठाची रास निथळत ठेवतात. सासूबाईंना रसायनाची नावे माहीत नव्हती. चवीवरून त्यांनी नेमके सांगितले.

३२
पाण्यात आडवे झोपून फोटो काढणारी मुले. ड्रोनचा आवाज. नवरी-नवरा, फोटोवाला, तिघांचेही बूट चिखलाने भरलेले. सगळे आनंदात. पाटी कुणी वाचत नव्हते, म्हणून मी वाचली: पाण्यात कोण राहते ते तिच्यावर चांगले समजावून लिहिले आहे.

३३
भाचीच्या मुलाने पाटी वाचून विचारले, "आजी, मग हे तळं आजारी आहे का?"
"नाही रे."
"मग लाल का होतं?"
"ऊन लागतं म्हणून."
"मग छत्री का नाही देत?"
"तीच त्यांची छत्री."
त्याला पटले. तो धावत काठाकडे गेला आणि पाण्याला टाटा करून आला.

३४
पोर्ट ग्रेगरीच्या किनाऱ्यावरून सरळ पश्चिमेला निघाले तर पुढची मोठी जमीन आफ्रिकेकडची. मालवणच्या किनाऱ्यावरून सरळ पश्चिमेला गेले तर अरबस्तान. सूर्य दोन्हीकडे समुद्रातच बुडतो. सासूबाईंनी इथेही सूर्याला हात जोडले.

३५
येणाऱ्यांसाठी. पाणी असावे असे वाटत असेल तर हिवाळ्यानंतर यावे, ऑगस्ट ते ऑक्टोबर. त्याच वेळी नॉर्थॅम्प्टनच्या बाजूला रानफुलेही असतात. सकाळी दहानंतर, आकाश मोकळे असताना. सूर्य पाठीशी ठेवून बघावे. गाडी डांबरी रस्त्यावरच ठेवावी. पिण्याचे पाणी सोबत हवे, पेट्रोल जेराल्डटनलाच भरावे. चपला धुवायला वेगळे पाणी हवे. मीठ सुकले की चामडे तडकते.

३६
पुढे करायचे. एप्रिलात उरणच्या मिठागरातले पाणी सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे आहे. ठाण्यातल्या एका शाळेतल्या बाईंनी आपला सूक्ष्मदर्शक द्यायचे कबूल केले आहे. ग्लिसरॉल दिसणार नाही, पण दोन शेपट्या दिसल्या तरी चालेल. सासूबाईंना तेव्हा मुंबईला बोलावले आहे. मीठ कधी धरणार ते त्या सांगतील.